सरासरी बरोबर, हप्ता चूक

कुटुंबाच्या पानावर गणित आले म्हणून वाचक बंधू-भगिनींनी पान उलटू नये. गणित पाचच आकड्यांचे आहे, आणि त्यात एका घराची अब्रू गुंतलेली होती.

आम्ही कचेरीत कारकून. बी.कॉम. होऊन वीस-बावीस वर्षे झाली. वस्तीतल्या बचत मंडळाचा हिशेब गेली सहा वर्षे आमच्याकडे आहे. ताळा जमला नाही तर एका रुपयासाठी आम्ही रात्री बारापर्यंत वही घेऊन बसतो, अशी आमची ख्याती आहे. थोडी थट्टाही होते. अशा हिशेबी माणसाला गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या एका मुलीने हिशेब शिकवला. त्या वेळी खडू मात्र आमच्याच हातात होता.

आमचे मंडळ लहान, बावीस सभासदांचे. दर शनिवारी रात्री आठ वाजता विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते, सभासद येतात, बचत भरतात, कर्जाचे हप्ते देतात. दुसऱ्या दिवशी रविवारी त्याच हॉलमध्ये मुलांची अभ्यासिका भरते. फळा एकच. शनिवारी त्यावर जमाखर्च असतो आणि रविवारी मुलांची गणिते.

जूनमध्ये कर्जाचे दोन अर्ज एकाच दिवशी आले. दोन्ही दहा हजारांचे, दोन्ही मुलांच्या अकरावीच्या प्रवेशासाठी. एक अर्ज पॅकिंगच्या गाळ्यात काम करणाऱ्या ताईंचा. त्यांना दर शनिवारी पगार मिळतो. दुसरा अर्ज नाक्यावर उभे राहून बिगारीकाम करणाऱ्या मामांचा. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. काम लागले तर त्यांना दिवसाचे ८०० रुपये मिळतात, नाही लागले तर डबा तसाच घरी परत येतो.

मंडळाचा नियम आम्हीच लिहिलेला होता. अर्जदाराची आठवड्याची सरासरी कमाई काढायची आणि तिच्या आठव्या हिश्श्याचा हप्ता बांधायचा. योगायोगाने दोघांचीही सरासरी ३२०० रुपये आली. आठवा हिस्सा ४०० रुपये. पंचवीस आठवड्यांत दहा हजार फिटतील. दोन्ही अर्जांवर आम्ही एकाच शाईने, एकाच मिनिटाला ‘हप्ता ४००’ असे लिहिले. दोघांना सारखा न्याय दिला याचे समाधानही वाटले.

पावसाने जोर धरला आणि पुढचे पाच शनिवार असे गेले. पहिल्या आठवड्यात मामांना सहा दिवस काम लागले. त्यांनी हप्ता भरला. दुसऱ्या आठवड्यात दोनच दिवस. हातात १६०० रुपये आले, त्यातले ४०० त्यांनी आम्हाला दिले आणि घरात वाण्याची उधारी झाली. तिसऱ्या आठवड्यात एका ठिकाणी स्लॅबचे काम निघाले आणि सातही दिवस भरले. त्या शनिवारी मामा हसत आले. हप्त्याचे ४०० दिले आणि आणखी चार नोटा पुढे केल्या.

“भाऊ, पुढल्या शनवारचं बी आजच घ्या. हातात हाय तवर देऊन टाकतो.”

आम्ही वही उलटून पाहिली आणि म्हणालो, “मामा, वहीत आगाऊचा रकाना नाही. पुढचा हप्ता पुढच्या शनिवारी.”

त्यांनी नोटा परत खिशात घातल्या. खिशातला पैसा गरिबाच्या घरी किती दिवस टिकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. पण रकाना नव्हता.

चौथ्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. काम शून्य दिवस. हप्ता थकला, वीस रुपये दंड लागला. पाचव्या आठवड्यात पाच दिवस काम मिळाले, पण वाण्याने आधीची उधारी मागितली. मामांनी त्या आठवड्याचे ४०० आणले, मागचे आणता आले नाहीत. थकबाकी दुसऱ्या शनिवारपर्यंत भरली नाही तर सभासदाचे नाव फळ्यावर लिहायचे, असा नियम होता. तोही आमचाच. आम्ही फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, त्यात मामांचे नाव लिहिले, पुढे ‘थकीत ४००, दंड २०’ असे लिहिले आणि खाली ‘पुसू नये’ अशी सूचना घातली. आमचे अक्षर चांगले आहे. दारातूनसुद्धा नाव वाचता येत होते.

त्या चौकटीशेजारीच दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना माध्य विचलन शिकवले.

झाले असे की, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाला हे गणित अडले होते. पुस्तकात त्याला ‘अपस्करण’ असा जड शब्द. मुले शब्दालाच घाबरतात. आम्ही म्हणालो, गोष्ट साधी आहे. सरासरी सांगते की आकडे साधारण कुठे आहेत. माध्य विचलन सांगते की ते आकडे त्या सरासरीपासून सरासरी किती लांब पांगले आहेत. काही जण त्याला सरासरी विचलनही म्हणतात. कृती चार पायऱ्यांची. आधी सरासरी काढा. मग प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा. अधिक-उणे चिन्ह सोडून द्या, म्हणजे पुस्तकातल्या भाषेत केवल मूल्य घ्या. शेवटी त्या अंतरांची बेरीज करून आकड्यांच्या संख्येने भागा. झाले. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपापल्या घरातले कोणतेही पाच आकडे आणावेत, असे सांगून आम्ही वर्ग सोडला.

पुढच्या शनिवारी मामा आले नाहीत. पहिल्यांदाच त्यांची जागा सतरंजीवर रिकामी राहिली. आम्ही वहीत एक रेघ मारली.

रविवारी मुले आकडे घेऊन आली. एकाने बसची वाट पाहण्याची मिनिटे आणली होती, एकीने विजेच्या बिलांचे आकडे. ताईंच्या मुलाने आईचा पाच शनिवारचा पगार लिहून आणला होता. ३१००, ३३००, ३२००, ३०००, ३४००. बेरीज १६०००, सरासरी ३२००. अंतरे १००, १००, ०, २००, २००. त्यांची बेरीज ६००, पाचाने भागून माध्य विचलन १२० रुपये. वर्गाने शाबासकी दिली.

मग मामांची मुलगी उठली. ती येईल असे आम्हाला वाटले नव्हते. फळ्यावर मोकळी जागा उरली होती ती नेमकी त्या चौकटीच्या शेजारी. तिथे उभी राहून तिने लिहिले: ६, २, ७, ०, ५.

“कशाचे आकडे?” आम्ही विचारले.

“कामाचे दिवस, काका. पाच आठवड्यांचे.”

कोणाच्या कामाचे, हे कोणी विचारले नाही.

सरासरी काढायला एक मुलगा पुढे आला. त्याने वीस भागिले चार केले आणि पाच लिहिले. मुलगी लगेच म्हणाली, “पाचाने भाग. शून्याचा आठवडा सोडू नकोस. त्या आठवड्यातही आम्ही जेवलो होतो.”

ही चूक शाळकरी मुलेच करतात असे समजू नये. ‘काम असताना किती मिळतात?’ असे आपण विचारतो आणि काम नसलेले दिवस हिशेबातून आपोआप गळतात. शून्य हाही आकडा आहे. तो बेरीज वाढवत नाही, पण भागाकारात आपली जागा मागतो. वीस भागिले पाच, सरासरी चार दिवस.

आता अंतरे. त्या मुलाने चिन्हांसकट लिहिली: अधिक २, उणे २, अधिक ३, उणे ४, अधिक १. बेरीज केली तर शून्य. तो गोंधळला. “म्हणजे काही फरकच नाही?” सगळे हसले. आम्ही समजावले की, सरासरीपासूनची अंतरे चिन्हांसकट मिळवली तर बेरीज नेहमी शून्यच येते. आकडे कोणतेही घ्या. सरासरी म्हणजे तराजूचा मधला काटा. तिच्या वर जेवढे वजन, तेवढेच खाली. म्हणून तर चिन्हे सोडायची.

मुलगी हळूच म्हणाली, “सात दिवसांच्या आठवड्यातले पैसे शून्याच्या आठवड्यात मिळाले असते, तर खरंच शून्य झालं असतं.”

चिन्हे सोडून अंतरे २, २, ३, ४, १. बेरीज १२, भागिले पाच, माध्य विचलन २.४ दिवस. दिवसाला ८०० प्रमाणे १९२० रुपये. आणि आठवड्याची सरासरी? चार दिवसांचे ३२०० रुपये.

फळ्यावर दोन ओळी शेजारी शेजारी आल्या. ताईंची सरासरी ३२००, विचलन १२०. मामांची सरासरी ३२००, विचलन १९२०. आम्ही सवयीने पुढे शिकवत राहिलो. विचलनाला सरासरीने भागले की गुणांक मिळतो, त्यावरून दोन घरांची तुलना करता येते. ताईंच्या घरी सरासरीच्या एका रुपयामागे पावणेचार पैसे इकडे-तिकडे होतात. मामांच्या घरी एका रुपयामागे साठ पैसे.

साठ पैसे म्हणालो आणि आमचे लक्ष चौकटीकडे गेले. मुलगी चौकटीकडे पाहत नव्हती. ती आमच्याकडे पाहत होती.

“काका, हप्ता तुम्ही सरासरीवर बांधला ना? मग विचलन कोणी भरायचं?”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. शिकवलेले समजले की नाही, हे विद्यार्थी विचारतो तसे तिने विचारले. आम्हाला उत्तर आले नाही. परीक्षेच्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या, त्या घाईने सांगितल्या आणि वर्ग संपवला. त्या दोन गोष्टी इथेही सांगतो, कोणाच्या मुलाला उपयोगी पडतील.

एक, प्रश्नात विचलन मध्यापासून मागितले आहे की मध्यकापासून, ते नीट वाचावे. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. मामांचे दिवस क्रमाने ०, २, ५, ६, ७. मध्यक पाच. त्यापासून अंतरे ५, ३, ०, १, २, बेरीज ११, माध्य विचलन २.२. सरासरीपासून २.४ आले होते. मध्यकापासून काढलेले विचलन इतर कोणत्याही आकड्यापासून काढलेल्या विचलनाहून कधीच जास्त येत नाही. उत्तर तपासायला हा नियम चांगला.

दुसरी गोष्ट प्रमाण विचलनाची. त्यात चिन्हे सोडण्याऐवजी अंतरांचे वर्ग करतात, त्यांची सरासरी काढतात आणि शेवटी वर्गमूळ घेतात. इथे वर्ग ४, ४, ९, १६, १, बेरीज ३४, भागिले पाच ६.८, वर्गमूळ सुमारे २.६ दिवस. वर्ग केल्यामुळे मोठ्या अंतराला जास्त वजन मिळते. हे नाव कार्ल पियर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८९४ च्या आपल्या लेखात वापरले. पुढच्या संख्याशास्त्रात त्याचीच चलती आहे. पण सतरंजीवर बसलेल्या माणसाला समजावून सांगायचे असेल, तर माध्य विचलन बरे. ‘मामा, तुमचा आठवडा सरासरीपासून साधारण अडीच दिवस इकडे नाहीतर तिकडे जातो’ असे म्हटले की कोणालाही कळते.

मुले गेली. आम्ही ओले फडके घेतले आणि ती चौकट ‘पुसू नये’ या सूचनेसकट पुसली. अक्षरे गेली, पण फळ्यावर तेवढा चौकोन ओला दिसत राहिला.

घरी आलो. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळे सांगितले. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपानंतर जी गिरणी पुन्हा सुरू झाली, तिच्या फाटकावर ते पाळीच्या वेळी जाऊन उभे राहत. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत घरी. आई म्हणाली, “तुझ्या बापाचा पगार किती, असं कोणी विचारलं की मी विचारायची, कोणत्या आठवड्याचा?”

मग तिने आपला हिशेब सांगितला. चांगल्या आठवड्यात आधी तांदूळ आणि रॉकेल भरायचे. मग वाण्याकडे थोडे पैसे जमा ठेवायचे. उरले तर चप्पल. वाणी आगाऊ पैसे घ्यायचा का, असे आम्ही विचारले. “घ्यायचा की! आगाऊ घेतले म्हणून तर वाईट आठवड्यात तो तोंड वाकडं करायचा नाही.”

वाण्याच्या वहीत जो रकाना होता, तो आमच्या वहीत नव्हता. आम्ही त्याच घरात वाढलो होतो. मग विसरलो कसे? उत्तर आमच्या पगाराच्या पावतीवर होते. पाच महिन्यांच्या पावत्या काढून पाहिल्या. पाचही महिने हातात तीच रक्कम. सरासरीही तीच आणि माध्य विचलन शून्य. ज्याच्या घरचे विचलन शून्य होते, तो दुसऱ्याच्या घराकडे पाहताना सरासरीवरच थांबतो. आम्ही आळशी नव्हतो, बेइमानही नव्हतो. आमची सरासरी तर अगदी बरोबर होती. हप्ता चुकला होता.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब केला. हप्ता ठराविक रकमेचा न ठेवता त्या-त्या आठवड्याच्या कमाईच्या आठव्या हिश्श्याचा ठेवला असता तर? मामांच्या ४८०० वर ६००, १६०० वर २००, ५६०० वर ७००, शून्यावर शून्य, ४००० वर ५००. बेरीज २०००. आणि ठराविक हप्त्याने पाच आठवड्यांचे किती व्हायला हवे होते? पाच वेळा ४००, म्हणजे २०००. आम्ही बेरीज तीनदा केली. मंडळाचा एक रुपयाही बुडत नव्हता. ना थकबाकी, ना दंड, ना फळ्यावर नाव.

पुढच्या शनिवारी कार्यकारिणीपुढे हा हिशेब ठेवला. चर्चा सोपी झाली नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “नियम सर्वांना सारखा पाहिजे. एकाला सूट दिली की उद्या दहा जण मागतील.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मंडळे बुडतात ती अशीच. आम्ही म्हणालो, “सूट नको. वाटा सारखा ठेवू, प्रत्येकाला आठवा हिस्सा. रक्कम सारखी ठेवून आपण नियम सारखा आहे असे समजत होतो.”

दुसरी शंका आली, कमाई कोणी खोटी सांगितली तर? यावर एक ताई म्हणाल्या, “नाक्यावर कोणाला काम लागलं नि कोण परत आलं, हे दुपारच्या आत आख्ख्या वस्तीला कळतं. खोटं सांगायला जागा आहे कुठे?” त्यावर सगळे हसले आणि ठराव झाला. कर्जदाराने आधीच ठरवायचे, ठराविक हप्ता की आठवा हिस्सा. आठवा हिस्सा घेणाऱ्याने कामाच्या दिवसांची वही ठेवायची आणि तीस आठवड्यांच्या आत कर्ज फेडायचे. आगाऊ रकमेचा रकाना वहीत आखायचा. थकबाकीदाराचे नाव फळ्यावर लिहायचे नाही. त्याच्या घरी जाऊन विचारायचे. पॅकिंगच्या गाळ्यातल्या ताईंनी ठराविक हप्ताच ठेवला. त्यांना तोच सोयीचा होता, आणि तेही बरोबरच.

ठराव झाल्यावर आम्ही मामांच्या घरी गेलो. चूक आमची होती, एवढे एक वाक्य आम्ही वाटेत पाठ केले होते. ते म्हणालो. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, पैशाचं काय, ते फिटतात. पोरगी त्या फळ्यासमोर बसती, ते मला बघवंना.”

चहा झाल्यावर त्यांनी गावाकडची आठवण सांगितली. ते मराठवाड्यातले. लहानपणी दुष्काळात त्यांची आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असे. “काम कष्टाचं व्हतं, पर मागितलं तर मिळायचं. हितं नाक्यावर मागायचं कुणाला?”

ही गोष्ट आम्हाला नव्याने समजली. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झाली. वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण भागासाठी देशभराचा कायदा केला, त्यात एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी होती. किमान वेतनाचा कायदा त्याही आधीचा, १९४८ चा. पण तो दिवसाचा दर ठरवण्यासाठी होता. दिवस किती मिळतील हे तो सांगत नव्हता. दर वाढला की सरासरी वाढते. कामाची हमी मिळाली की विचलन कमी होते. मजुराच्या घराला दोन्ही लागतात. आपण मागण्या करतो त्या बहुतेक दराच्या. दिवसांची मागणीही तितक्याच जोराने करायला हवी, असे आम्हाला आता वाटते. शहरातल्या नाक्यासाठी तर विशेष.

नवा नियम लागू झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे सांगणे खोटे होईल. ऑगस्टच्या शेवटी एक आठवडा असा आला की नाक्यावरच्या पाचही सभासदांचे काम एकदमच बंद पडले. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. पाच जणांचे आठवडे वेगवेगळ्या वेळी वर-खाली होतात, तेव्हा एकाची तूट दुसऱ्याची भर भरून काढते आणि मंडळाची जमा स्थिर राहते. पण पाचही जण एकाच वेळी खाली गेले की विचलन मंडळाच्या दारात येऊन बसते. त्या शनिवारी एका सभासदाचे आजारपणाचे कर्ज आम्हाला दोन दिवस उशिरा द्यावे लागले. तेव्हापासून दर शनिवारच्या जमेतला दहावा हिस्सा राखीव ठेवतो. घरोघरी ताया चांगल्या आठवड्यात डब्याच्या तळाशी तांदूळ ठेवतात, तेच मंडळाने केले.

मामांचे कर्ज सव्विसाव्या शनिवारी फिटले, ठरल्यापेक्षा एक आठवडा उशिरा. दंडाचे वीस रुपये आम्ही त्यांना परत दिले, तर त्यांनी त्याच दिवशी ते मुलीच्या नावाने बचतीत जमा केले. मुलगी आता अभ्यासिकेत लहान मुलांना भागाकार शिकवते. भागताना शून्य सोडले की ओरडते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरी कामाच्या दिवसांची एक वही जरूर ठेवा. दर शनिवारी एकच आकडा लिहायचा. काम मिळाले नाही त्या आठवड्यात रकाना मोकळा सोडू नका, स्वच्छ अक्षरात शून्य लिहा. पाच आठवड्यांनी मुलाला किंवा मुलीला समोर बसवून सरासरी आणि माध्य विचलन काढायला सांगा. पाच आकड्यांवरून वर्षाचा निकाल मात्र लावू नका. पावसाळा, दिवाळी, लग्नसराई, सगळे वहीत येऊ द्या. विचलन मोठे निघाले तर कोणताही ठराविक हप्ता घेण्याआधी, मग तो पतपेढीचा असो की दुकानातल्या वस्तूचा, आपला सर्वात वाईट आठवडा आधी पाहा. आणि आमच्यासारखे जे कोणी मंडळाची, भिशीची किंवा पतपेढीची वही सांभाळतात, त्यांनी थकबाकीच्या यादीत नाव लिहिण्यापूर्वी त्या घरी जाऊन ही वही एकदा मागून पाहावी. त्यात एखादे शून्य लिहिलेले असेल.